बसायची सावड

मला राग पटकन येतो, हे अख्ख्या दापोऱ्याला मालूम आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, गोदासमोर नुसती लाकडं ठेवा, काडी लावायची गरज नाही. पण त्या दिवशी बऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या बाळंतपण केंद्रावर मी भडकली ती उगाच नाही. तुम्हीच ऐका आणि सांगा.

मी सुईण. सासूच्या हाताखाली शिकली, आणि मग सरकारनं आम्हा सगळ्या सुइणींना बऱ्हाणपूरला बोलावून पुन्हा शिकवलं. नखं कापा, पाणी उकळा, नाळ कापायला विळा नको. वर पत्र्याची एक पेटी दिली, तिच्यात कात्री, साबण, सुई-दोरा. ती पेटी डोक्यावर घेऊन मी गावात शिरली तेव्हा बायांना वाटलं, गोदाबाई आता बांगड्या विकणार. तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला केंद्रावर जायचं, नर्स रजनीबाईंसमोर बसायचं आणि महिन्याभरात कोण कोण बाळंत झालं ते सांगायचं. मला लिहिता येत नाही. मी बोलते, त्या छापील कागदावर उतरवतात.

साल छप्पन. दिवाळी होऊन तीनच दिवस झाले होते. रजनीबाईंनी नवा कागद काढला.

"दापोरा. निंबाची बायको विमल. मुलगा. मुलगा कसा आहे?"

"गुटगुटीत."

"आणि आई?"

"आईचं काही खरं नाही."

"ताप आहे?"

"नाही."

"अंगावरून जास्त जातं?"

"नाही हो. दूधही आहे. पण लेकराला हात लावत नाही. मी धरते तेव्हा ते पितं. हिचे हात दोन्हीकडं नुसते पडलेले. बोलत नाही, भिंतीकडं तोंड करून राहते. अठरा दिवस झाले."

रजनीबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "गोदाबाई, इथं आईपुढं दोनच शब्द आहेत. जिवंत, नाही तर मयत."

"म्हणजे?"

"म्हणजे ती जिवंत आहे. तेवढ्यावरच खूण करता येते."

आणि त्यांनी केली खूण! माझ्या तर टाळक्यातच गेलं. मी म्हटलं, "अहो बाई, म्हैस व्याली तर आम्ही चार गोष्टी विचारतो. खाते का, उठते का, रेडकाला चाटते का. आणि बाईला एकच? मेलीस का जिवंत आहेस?"

बाहेर ओळीत बसलेल्या बाया माना वर करून पाहायला लागल्या. रजनीबाई तशा चांगल्या, पण दमलेल्या असायच्या. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "कागद मी छापलेला नाही, गोदाबाई. वरून येतो. बरं, तुम्ही सांगा, काय विचारायला पाहिजे? मी हातानं लिहिते."

घ्या! एवढी तोंडाळ मी, आणि मला ऐन वेळी काही सुचेना. मी पेटी उचलली आणि निघाली.

रस्त्यात निंबाच भेटला. हातात गुंडाळलेला कागद, अंगावर दिवाळीचा सदरा. मी विचारलं, "काय रे, कुठं?" तर खाली पाहून म्हणाला, "कचेरीत. विमलला नागपूरला पाठवायचं आहे. वेड्यांच्या इस्पितळात. अर्ज लिहून आणला आहे."

"आणि लेकरू?"

"ते आमच्याजवळ राहील. माय म्हणते, हिच्या हातून त्याला काही झालं तर?"

माय म्हणजे आशाबाई, विमलची सासू. आता नागपूरला डॉक्टर असतील, औषधं असतील, मी त्याला नाही म्हणत नाही. पण एकदा गेलेल्या विमलला आणायला हे लोक परत जाणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत आशाबाई निंबाला दुसरी बायको करून टाकेल. विमलला माहेर म्हणाल तर आई नाही, एक सावत्र भाऊ, तोही खंडव्याकडं. म्हणून तर पहिलं बाळंतपण सासरी झालं. एकोणीस वर्षांची पोर, आणि तिला विचारणारं मागंपुढं कोणी नाही. मी निंबाच्या मागं मागं कचेरीत घुसली.

टेबलामागं श्रीकांतबाबू नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला, जिभेनं चुक्‌ केलं आणि म्हणाले, "नागपूर आता जमणार नाही. पहिल्या तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात गेलं."

मी म्हटलं, "अख्खं?"

"हो बाई, अख्खं."

"आणि आम्ही?"

"आपण मध्य प्रदेशातच. पण राजधानी आता भोपाळ."

"मी तर सकाळपासून इथंच आहे, मला कोणी विचारलं नाही."

श्रीकांतबाबू हसले. "मलाही नाही विचारलं. माझा भाऊ अकोल्याला, तो आता परराज्यात. असो. हा अर्ज मी भोपाळला पाठवतो. बाईला कुठं पाठवायचं, नागपूर चालेल का, ते तिकडून कळेल. महिना लागेल, सवा महिना लागेल. मग मी स्वतः येऊन बाईला पाहीन, कागदावर तसं लिहीन आणि मग पुढचं."

निंबाचं तोंड पडलं. मला मात्र तिथंच श्रीकांतबाबूंच्या दौतीला हळद-कुंकू वाहावंसं वाटलं. महिना, सवा महिना! हे लोक राज्यं कशीही वाटून घेऊ देत, माझ्या विमलला तेवढे दिवस मिळाले.

पण दिवसांचं करायचं काय? राजघाटावर बसून मी भाकर सोडली. तापीचं पाणी दिवाळीनंतर निवळतं, तसं ते निवळलं होतं. डोकं काही निवळेना. विमलला झालं काय होतं? आशाबाई म्हणे, बाहेरचं लागलं. निंबा म्हणे, वेड लागलं. मला एवढंच दिसत होतं, की ती पोर दिवसभर एकटी आहे. आमच्याकडं सवा महिना बाळंतिणीनं खोलीबाहेर यायचं नाही, आणि खोलीत सासू आणि सुईण सोडून कोणी जायचं नाही. त्यात कापसाची वेचणी लागलेली. सूर्य उगवायच्या आत सगळी गल्ली शेतात. घरात राहतं कोण? बाळंतीण, लेकरू आणि चार भिंती. कोणाला म्हणावं, जाऊन बस तिच्याजवळ, तर बाया म्हणणार, बसायला वेळ कोणाला आहे व माय? आमच्यात नुसतं बसणं म्हणजे लाजेची गोष्ट. काम असलं तर बाई काट्याकुट्यातून येईल.

आणि तिथंच, भाकरीचा तुकडा हातात असताना, मला सावड आठवली.

सावड म्हणजे, आज तुम्ही सगळ्या माझ्या शेतात कापूस वेचायला या, उद्या मी तुमच्या शेतात येते. मजुरी नाही, काही नाही. पण सावड बुडवली असं बाईबद्दल कोणी म्हटलं तर तिला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. मग बसायचीच सावड केली तर? आज विमलजवळ तू बस, तुझ्या बाळंतपणात विमल बसेल. तुझी बाळंतपणं सरली असतील तर तुझ्या सुनेजवळ बसेल. मी उरलेली भाकर तशीच फडक्यात बांधली आणि झपाझपा गावाकडं सुटली.

आशाबाई आडवी आली. "सवा महिना झाला नाही, गोदामाय. बाया आल्या तर लेकराला नजर लागेल."

"लागू दे. मी काढते नजर. बाळंतिणीच्या खोलीत कायदा सुइणीचा चालतो, सासूचा नाही."

"मी पण तीन बाळंतपणं काढली. दहाव्या दिवशी चुलीशी होती. कोण बसलं होतं माझ्याजवळ?"

"कोणी नाही ना? मग ये माझ्यामागं आत, आणि बाज सरकव."

पहिल्या दिवशी तीन बाया आल्या. आणि काय सांगू तुम्हाला, माझी अशी फजिती कधी झाली नव्हती. सावड म्हटल्यावर बाया कामाला आल्या होत्या ना! शेजारच्या कौतिकच्या बायकोनं पदर खोचला आणि खोली झाडली. दुसरीनं शेण आणून सारवली. तिसरीनं लेकराला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली, बाळुत्यांचा ढीग धुऊन वाळत घातला, आणि वर दोन पायल्या ज्वारी पाखडली. दुपारपर्यंत घर लखलखीत. तिघी घाम पुसत म्हणतात, "आणखी काही आहे का, गोदामाय?"

विमलनं भिंतीकडचं तोंड फिरवलं. अठरा-वीस दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी. म्हणाली, "झालं ना सगळं माझ्यावाचून?"

आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

मी कपाळावर हात मारला. अगं माय, हे काय करून बसली मी! त्या पोरीला आधीच वाटतं आपण कामाच्या नाही, आणि मी तीन बाया आणून तेच तिला झाडून-सारवून दाखवलं. त्या दिवशी मला माझाच राग आला, आणि तो सगळ्यात वाईट असतो, कारण भांडायला समोर कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी मी दारातच उभी राहिली. "झाडू नाही, शेण नाही, सूप नाही. आत जायचं आणि बसायचं. उपदेश करायचा नाही. भगताचं नाव काढायचं नाही. 'मुलगा झाला तरी रडते' असं जी म्हणेल तिची सावड मी धरणार नाही."

कौतिकची बायको बिचारी म्हणते, "मग हात कुठं ठेवू?"

"मांडीवर ठेव. नाही तर हातांवरच बस."

तर ती खरंच हातांवर बसली! पण घटकाभरात अशी कासावीस झाली, की तिला म्हटलं, जा बाई, कापूस वेच. बाकीच्यांचं तेच. चारचार वेळा उठून दाराबाहेर पाहायच्या, उन्हं कुठवर आली. कामाच्या बायांना बसायला शिकवणं हे मला अडलेल्या बाळंतपणाहून जड गेलं.

आणि मग मला मालूबाई आठवली. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांना अंधुक दिसायचं, हात थरथरायचे. कापूस वेचता येईना म्हणून गल्लीनं तिला सावडीतून कधीच सोडून दिली होती. दिवसभर ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. बसणं आणि बोलणं, दोन्हीत तिचा हात धरणारी कोणी नाही. मी जाऊन म्हटलं, "मालूबाई, उद्यापासून सावडीला यायचं."

म्हातारी माझ्या तोंडाकडं पाहतच राहिली. "मला? मला सावडीत धरली?"

दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून आली. विमलच्या बाजेला टेकून खाली बसली आणि सुरू झाली. तिची शेळी, शेळीचं दुखणं, शेळीचा स्वभाव, तिच्या नवऱ्याचा स्वभाव, दोघांत शेळी कशी बरी. विमल ऐकते का नाही ह्याची तिला फिकीर नव्हती. बोलता बोलता तिथंच मान टाकून झोपायची, जागी झाली की राहिलं होतं तिथून पुढं. तीन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी म्हातारी झोपली तेव्हा विमलनं आपली गोधडी तिच्या अंगावर सरकवली. मी दारातून पाहिलं आणि पाय न वाजवता मागं फिरली.

चौथ्या दिवशी मालूबाई लंगडत आली. टाचेत बाभळीचा काटा. खोलीत दोन-तीन बाया होत्या, पण ती सरळ विमलसमोर पाय पसरून म्हणाली, "काढ व पोरी. ह्या सगळ्यांना घाई आहे, घाईत काटा मोडतो."

मी पेटीतली सुई काढून पुढं केली. विमल उठून बसली, सुई पाहिली आणि एकदम मागं सरकली. "मला नका देऊ."

"का व?"

"माझ्या हातांचा भरवसा नाही." दोन्ही हात तिनं गोधडीखाली घातले. "माझ्या हातून काही होईल. मला सारखं दिसतं, मी ह्याला उचललं आणि हातातून सोडला. नाही तर विहिरीत... मला करायचं नाही हो! पण दिसतं. म्हणून मी हातच लावत नाही."

आशाबाई दारात होती, तिचं तोंड पांढरंफट्ट पडलं. मला वाटलं, संपलं, आता ही आजच्या आज पोरीला गाडीत घालेल.

मालूबाईनं पाय हलवलासुद्धा नाही. म्हणाली, "माझ्या टाचेला काय होणार आहे? सत्तर वर्षांचं कातडं. टोच बिनधास्त." आणि मग, शेळीबद्दल बोलायची त्याच आवाजात, "मला पण असंच दिसे व. थोरल्याच्या वेळी. विहिरीवर जायची तर त्याला घरी ठेवून जायची. कडेवर घ्यायची हिंमत नव्हती. हात सुटले तर?"

"मग?" विमलनं विचारलं.

"मग काय, नाही सुटले. आता तो थोरला माझ्याशी भांडतो."

कौतिकची बायको हातांवर बसली होती, ती हळूच म्हणाली, "मी विळा लपवून ठेवायची. नवऱ्याला सांगायची, हरवला." दुसरी म्हणाली, तिला रोज वाटे, हे लेकरू आपलं नाहीच. दारातून आशाबाईचा आवाज आला, अगदी बारीक. "मी निंबाच्या वेळी रोज गोठ्यात जाऊन रडायची. म्हशीला मालूम होतं फक्त."

एकेक बाई बोलत होती. मी मात्र काही बोलली नाही. माझं तोंड कधी बंद नसतं, पण त्या दिवशी होतं. कोणाच्या ध्यानात आलं नाही, एका मालूबाईशिवाय. तिनं माझ्याकडं अंधुक डोळ्यांनी पाहिलं, आणि टाच विमलपुढं आणखी सरकवली.

विमलनं काटा काढला. सगळाच्या सगळा, न मोडता. मग किती वेळ आपल्याच हातांकडं पाहत बसली. आणि म्हणाली, "मालूआजी, तुमचे हात माझ्या हातांखाली धरा. मी त्याला घेते. माझे सुटले तर तुमचे असतील."

मालूबाईचे हात ते, कपभर चहा सांडवणारे! पण धरले तिनं. वर विमलचे हात, त्यावर लेकरू. मी त्यांच्या खाली माझे पण धरून ठेवले, उगाच कशाला जोखीम. पोरगं मजेत जांभई देत होतं.

आता असं समजू नका, की विमल त्या दिवसापासून टुणटुणीत झाली. कधी दोन दिवस बरी, कधी पुन्हा भिंत. सवा महिना संपला, तरी सावड आम्ही चालूच ठेवली. आता बाया बसायला शिकल्या होत्या, खरं सांगायचं तर चटावल्या होत्या. मी सांगितलं म्हणून नव्हे, आपलं आपलं बोलायला यायच्या.

आणि पौषातल्या एका सकाळी श्रीकांतबाबू सायकलवर कागद घेऊन हजर. नेमका तो दिवस भिंतीचा होता. विमल पहाटेपासून तोंड फिरवून पडलेली, लेकरू मालूबाईच्या मांडीवर.

"भोपाळहून विचारणा आली आहे," श्रीकांतबाबू म्हणाले. "मी पाहून लिहायचं आहे. वेड लागलेली बाई कुठं आहे?"

निंबा मायकडं पाहायला लागला. आशाबाई खोलीच्या दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. आतलं तिलाही दिसत होतं. एक शब्द बोलली असती तर विमल गेली होती, आणि तो शब्द बोलायचा हक्क तिचाच होता. मी जन्मात कोणासमोर हात जोडले नाहीत, तेव्हा पदराआड जोडले.

आशाबाई म्हणाली, "इथं वेडी कोणी नाही. एक बाळंतीण आहे, तिला आज बरं वाटत नाही."

"मग अर्ज कोणी केला?"

"मी करवला. वेडी मीच. लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा, आशाबाई. येते नागपूरला."

"नागपूर परराज्यात आहे," श्रीकांतबाबूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आतून कोणीतरी हसलं. बारीकसं, नाकातल्या नाकात. मालूबाई नव्हती, ती झोपली होती. श्रीकांतबाबूंनी मान वाकवून खोलीत पाहिलं, मग कागदावर दोन ओळी लिहिल्या, चहा घेतला आणि गेले. आशाबाई चौकटीलाच टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्याजवळ बसली. मलाही आता सवय झाली होती.

पुढच्या पाच तारखेला मी रजनीबाईंना म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, काय विचारायचं? लिहा. तिच्याजवळ कोण बसतं?"

"एवढंच?"

"एवढंच विचारून पाहा."

त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं एक रेघ मारली, नवा रकाना पाडला आणि त्यात लिहिलं. त्या दिवशी ओळीतल्या प्रत्येक सुइणीला त्यांनी तो सवाल केला. निम्म्या बायांना उत्तर देता आलं नाही, पण पुढच्या महिन्याला त्या विचारून आल्या. दोन गावांत बसायची सावड सुरू झाली. रजनीबाईंनी तो तांबड्या रेघेचा कागद भोपाळला पण पाठवला, वर अर्ज जोडून, की रकाना छापून यावा. नवे कागद आले ते तसेच, दोन शब्दांचे. "पुन्हा पाठवते," रजनीबाई म्हणाल्या. तोवर त्या हातानं रेघा मारतात. मी पाहिलं, त्यांच्या टेबलावर तांबड्या पेन्सिलींचा गठ्ठाच ठेवलेला असतो.

आखाजी झाली. निंबाच्या घरात दुसरी बायको आली नाही, दुसरी म्हैस आली. आणि एका दुपारी विमल माझ्या दारात. कडेवर पोरगं, चांगलं जड झालेलं, आणि तिचा हात त्याच्याभोवती घट्ट.

"काय व, आज इकडं?"

"सावड फेडायला आली."

"माझ्या घरात कोण बाळंतीण आहे? सून माहेरी गेली. चुकलीस तू."

विमल आत आली, पोराला जमिनीवर सोडलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "गोदामाय, रजनीबाई सगळ्यांना विचारतात. तुम्हाला कोणी विचारलं? भिकनदादाच्या वेळी तुमच्याजवळ कोण बसलं होतं?"

भिकन माझा मुलगा, एकुलता. आता चाळिशीला टेकला. आमच्याकडं आधीची लेकरं जगली नाहीत तर पुढच्याचं नाव भिकन ठेवतात, देवाकडून भीक मागून आणलेला. मीही सगळ्यांना तेच सांगत आली, आधीची दोन गेली म्हणून. भिकनलाही तेच मालूम.

"मालूआजीनं सांगितलं," विमल म्हणाली.

मला राग यायला पाहिजे होता. येईना. मी म्हटलं, "भिकनच्या आधी मला लेकरू झालंच नव्हतं, पोरी. तो पहिलाच. दोन महिने मी त्याच्याकडं पाहिलं नाही. सासू त्याला उचलून दारोदार न्यायची, दुधासाठी. पाच घरचं दूध मागून त्याला जगवलं. मालूबाईच्या अंगावर तेव्हा तिचा धाकटा होता, तिनं सगळ्यात जास्त पाजलं. म्हणून तो भिकन. मी जिवंत असून माझ्या लेकरानं भीक मागितली." अडतीस वर्षांत हे मी कोणाला बोलली नव्हती. "आणि माझ्याजवळ कोणी बसलं नाही व. कोणीच नाही."

मग मी रडली. चांगली मोठ्यानं, कोणाची पर्वा न करता. विमल काही बोलली नाही, उपदेश केला नाही, पदर पुढं केला नाही. बसायला मीच शिकवली होती तिला.

त्यातच भिकन जेवायला शेतातून आला. दारात थबकला. त्यानं मला भांडताना हजारदा पाहिलं असेल, रडताना कधी नाही. "माय? काय झालं? कोण काय बोललं?"

"काही नाही, दादा," विमल म्हणाली. "सावड चालू आहे. तुम्हाला वेळ आहे का?"

भिकननं माझ्याकडं पाहिलं, झाकून ठेवलेल्या ताटाकडं पाहिलं. मग डोक्याचं फडकं काढून खुंटीला अडकवलं, हातपाय धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसला.